तडा गेला? सही!

फ्रायडेला फॉर्मल्सना सुट्टी मिळाली की ऑफिसात बाटिकचे कुर्ते हमखास दिसतात. गडद रंग, पानं-फुलं आणि सगळीकडे पसरलेल्या बारीक रेषा, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा. बाटिकचा खरा फंडा त्या रेषांतच आहे. आणि गंमत म्हणजे त्या कुणी काढलेल्याच नसतात!

कराडला माझी एक मैत्रीण बाटिक करते. कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात तो प्रीतिसंगम, आगाशिवचा डोंगर आणि पावसाळा सरताना कासचं पठार, हा तिचा खजिना. कासला फुलणारा पिवळा कवला तर एकदम फेव्हरिट. पण तो कापडावर आणायला डोकं उलटं चालवावं लागतं. चित्रात रंग कुठे लावायचा ते ठरवतात, बाटिकमध्ये कुठे लागू द्यायचा नाही ते! कापडाची खळ धुऊन काढायची, जे पांढरं ठेवायचं त्यावर वितळलेलं मेण लावायचं आणि कापड पिवळ्या रंगात बुडवायचं. मग पाकळ्यांवर मेण. त्यावर निळा दिला की उरलेला पिवळा हिरवा होतो. पानांवर मेण, मग आणखी गडद रंग. रंग थंडच हवा, नाहीतर मेण वितळलंच म्हणून समजा. शेवटी उकळत्या पाण्यात मेण निघतं, तेव्हा कळतं काय जमलंय ते. इथे कंट्रोल-झेड नाही, बॉस!

आणि त्या रेषा? मेण तडकतं आणि गडद रंग तड्यांतून आत झिरपतो. मधमाशीचं मेण लवचीक, पॅराफिन ठिसूळ. प्रमाण बदललं की तडे कमी-जास्त होतात. उन्हाळ्यात मेण मऊ राहतं, म्हणून ती कापड आधी गार पाण्यात टाकते. प्रमाण तिच्या हातात, तडा कुठे जाणार ते मात्र नाही. निसर्ग नुसता नक्षीत नाही, मेणातही आहे. २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलेलं मांघर आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, बरं का!

तंत्र बदलत आलंय. जावामध्ये तांब्याच्या चोचीच्या 'चांटिंग'ने मेणाची रेघ ओढत. एकोणिसाव्या शतकात वेग हवा म्हणून तांब्याचे ठसे आले. रवींद्रनाथ टागोर १९२७ मध्ये जावाला जाऊन आले, त्यानंतर शांतिनिकेतनमध्ये बाटिक रुजलं. कच्छमध्ये पूर्वी मेणाऐवजी पिलूच्या बियांचं तेल वापरत.

मैत्रिणीनेही आता फुलांसाठी ठसा घेतलाय. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दुकानदाराला दहा कुर्ते हवेत, दहाही सेम टू सेम. फूल ती दहा वेळा उठवेल, पण तोच तडा दहा वेळा कुठून आणणार? मशीन मात्र आणतं, तेही निम्म्या किमतीत. मग तिची ऑर्डर जाते.

छापील कुर्ता घालू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. स्वस्त आहे, छान दिसतो. फक्त बाटिक म्हणून बाटिकचे पैसे मोजत असाल, तर दोन मिनिटं काढा. कापड उलटं करा. मागची बाजू फिकी दिसली तर शंका घ्या. मग एकेका फुलाजवळचे तडे बघा. प्रत्येक फुलाशी तोच तडा, त्याच वळणाचा? मग ते छापलेलं. आणि प्रत्येक वेगळा असेल, तर घासाघीस जरा कमी करा!