नाव पुसलेले पिस्तूल

अमेरिकेत पिस्तूल ही दुर्मीळ वस्तू नाही. ते लाखो घरांत असते, आणि आपल्याकडील तरुण ज्या हौसेने आपली मोटारसायकल सजवितो, त्याच हौसेने तेथील गृहस्थ आपले पिस्तूल सजवितो. या हौसेचा एक प्रकार वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. गोळी सुटताच पिस्तुलाचा वरचा जो पोलादी भाग मागे सरकून पुन्हा पुढे येतो, त्यास स्लाइड म्हणतात. तिच्यावर कारखान्याचे नाव, बोधचिन्ह, गोळीचे माप आणि निर्मितीचे ठिकाण ठसठशीत उमटविलेले असते. कित्येक मालकांना ही अक्षरे डोळ्यांना खुपतात. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू कारखानदाराच्या जाहिरातीची पाटी का व्हावी, असे त्यांना वाटते. मग पॉलिशपेपर हाती घेऊन, तासन् तास घासून, ती अक्षरे नाहीशी करण्यात येतात आणि पोलाद आरशासारखे कोरे झाले की मालक समाधान पावतो.

या करमणुकीची दखल अग्रलेखात घेण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण असे की, या क्षुल्लक हौसेच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शस्त्र मालकाचे असते हे मान्य. पण त्या शस्त्राचे नावही मालकाचेच असते काय? ते ठेवावे की पुसावे, हे ठरविण्याचा अधिकार एकट्या मालकाचा आहे काय?

प्रथम या हौशी मंडळींची बाजू न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. अमेरिकेच्या संघीय कायद्याने संरक्षण दिले आहे ते प्रामुख्याने अनुक्रमांकाला, आणि हा क्रमांक पिस्तुलाच्या सांगाड्यावर असतो. तो खोडणे हा गंभीर अपराध आहे. स्लाइडवरचे कारखान्याचे नाव घासून काढणाऱ्या मालकाने सांगाड्यावरील क्रमांकास हात लावला नाही, तर संघीय कायदा सहसा त्याच्या वाटेस जात नाही. सर्व राज्ये मात्र इतकी उदार नाहीत. कॅलिफोर्नियात निर्मात्याचे नाव, नमुना, क्रमांक किंवा ओळखीची अन्य कोणतीही खूण शासकीय खात्याच्या लेखी अनुमतीवाचून बदलता वा पुसता येत नाही. म्हणजे एकाच देशात एका राज्यात जी करमणूक, ती दुसऱ्या राज्यात शिक्षेस पात्र कृती ठरते. या विसंगतीचे मूळ, शस्त्रावरील खूण कोणासाठी असते या प्रश्नाच्या भिन्न उत्तरांत आहे.

इतिहास याचे उत्तर स्पष्ट देतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले. नळीत जास्त दारू भरून बार काढावयाचा, नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारावयाचा, असे या परीक्षागृहांचे काम. शिक्का नसलेली बंदूक घेणारा आपल्या हाताचा आणि डोळ्यांचा धोका पत्करीत असे. तेव्हा शस्त्रावरील खूण प्रारंभापासूनच केवळ निर्मात्याचा अभिमान मिरविण्यासाठी नव्हती. निर्माता आणि समाज यांच्यातील ती हमी होती. पुढे शस्त्रे यंत्रावर हजारोंनी, एकासारखी एक निघू लागली, तेव्हा या हमीत दुसऱ्या एका गोष्टीची भर पडली. हुबेहूब सारख्या हजार पिस्तुलांतून एक वेगळे ओळखावयाचे तर त्याला स्वतःचा क्रमांक हवा.

या क्रमांकाचे मोल जगाला दिसले ते २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. अध्यक्ष केनेडी यांची डॅलस येथे हत्या झाली आणि घटनास्थळाजवळील इमारतीच्या सहाव्या मजल्यावर एक इटालियन बनावटीची जुनी लष्करी रायफल सापडली. तिच्यावर ‘सी २७६६’ हा क्रमांक होता. तपास अधिकाऱ्यांनी प्रथम न्यूयॉर्कचा घाऊक व्यापारी शोधला. त्याच्या दप्तरावरून ही रायफल शिकागोच्या एका दुकानाकडे गेल्याचे कळले. त्या दुकानातील माणसांनी रात्रभर सूक्ष्मचित्रित नोंदी चाळल्या आणि पहाटेपर्यंत मागणीपत्र हाती आले. २० मार्च १९६३ रोजी ही रायफल ‘ए. हिडेल’ या नावाने डॅलसच्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर रवाना झाली होती. नाव खोटे होते, परंतु हस्ताक्षर ऑस्वाल्डचे होते. हा क्रमांक कोणी आधीच घासून ठेवला असता तर ती रात्र कशी गेली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

अमेरिकेचा कायदा तेव्हा किती अपुरा होता, हेही याच प्रकरणाने दाखविले. क्रमांक खोडलेली शस्त्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास १९३८ च्या कायद्याने बंदी होती. परंतु प्रत्येक शस्त्रावर क्रमांक घातलाच पाहिजे, असे सरसकट बंधन १९६८ पर्यंत नव्हते. ते त्या वर्षीच्या कायद्याने आले. असे खोडलेले शस्त्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले.

तथापि, क्रमांकाने सर्व काही साधते, असा भाबडा समज आम्ही करून घेत नाही. क्रमांक गोळी अडवीत नाही. अमेरिकेत तो सामान्यतः पहिल्या किरकोळ ग्राहकापर्यंत नेऊन सोडतो. पुढे ते पिस्तूल चोरीस गेले, की हातोहात विकले गेले, याचा शोध पोलिसांना पायपीट करूनच घ्यावा लागतो. शिवाय १९८६ च्या कायद्याने तेथे शस्त्रमालकांची मध्यवर्ती नोंद ठेवण्यास संघ सरकारला मनाई केली आहे. वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे माग काढण्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरे तेथे येऊन पडतात, पण मालकाचे नाव घालून ती शोधता येऊ नयेत अशी व्यवस्था कायद्यानेच केलेली आहे. जेथे नोंदवही इतकी दुबळी, तेथे शस्त्रावर कोरलेल्या त्या चार-सहा आकड्यांवर केवढा भार पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच वेस्ट व्हर्जिनियातील एका संघीय न्यायाधीशांनी, क्रमांक खोडलेले शस्त्र बाळगण्यास मनाई करणारे कलम घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या कसोटीनुसार शस्त्रबंदीस राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेचा आधार हवा होता. १७९१ मध्ये हक्कांची सनद घटनेस जोडली गेली तेव्हा बंदुकांवर क्रमांकाची सक्ती नव्हती, म्हणून आजच्या बंदीस तसा आधार नाही, असा हा युक्तिवाद होता. हे तर्कशास्त्र आम्हांस चमत्कारिक वाटते. १७९१ साली मोटारगाड्याही नव्हत्या, म्हणून त्यांच्या क्रमांकाच्या पाट्या काढून टाकण्याचा हक्क कोणी मागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वरिष्ठ अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा निर्णय फिरविला, ही समाधानाची गोष्ट होय. क्रमांक नसल्याने कायदा पाळणाऱ्या माणसाचे शस्त्र अधिक उपयुक्त होत नाही. त्याचा लाभ ज्याला माग लागू द्यावयाचा नाही त्यालाच होतो, हे त्या निर्णयामागील तत्त्व आम्हांस निर्विवाद वाटते.

पण पुसलेल्या नावाचा वाद चालू असतानाच, मुळात नावच नसलेली शस्त्रे अवतरली. सुटे भाग टपालाने मागवून घरी जुळविलेल्या या पिस्तुलांना तेथे ‘भुताटकी बंदुका’ म्हणतात. २०१७ मध्ये अशी सुमारे १,६०० शस्त्रे माग काढण्यासाठी संघ सरकारकडे आली होती; २०२१ मध्ये ही संख्या १९,००० च्या वर गेली. अशा संचांवरही क्रमांक हवा, हा २०२२ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने उचलून धरला. शस्त्राच्या हक्काविषयी इतका हळवा असलेला देशही अखेर याच निष्कर्षास आला, की बाळगण्याचा हक्क म्हणजे निनावी राहण्याचा हक्क नव्हे.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात तरी केव्हाच सुटलेला आहे. १८७८ चा ब्रिटिशांचा शस्त्रकायदा हिंदी जनतेस निःशस्त्र करून अपमानित करणारा होता, म्हणून राष्ट्रीय चळवळीने त्याचा सतत निषेध केला. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये आपला कायदा केला. त्याचे आठवे कलम अमेरिकेच्या संघीय कायद्याहून व्यापक आहे. शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह, यांपैकी काहीही पुसणे, काढणे, बदलणे अथवा खोटे उमटविणे यास त्याने मनाई केली आहे. इतकेच नव्हे, तर अशा शस्त्रासह जो सापडेल त्यानेच ते कृत्य केले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावे, असेही ते सांगते. अर्थात, अमेरिकन गृहस्थाची ती रविवारची करमणूक पुण्यात वा नागपुरात कोणी आरंभिली, तर परवाना खिशात असूनही त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

नुसते कारखान्याचे नाव इतके महत्त्वाचे का मानावे, असे कोणी विचारील तर मुंबईकरास त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर भारताने जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला पुराव्यांची जी संहिता दिली, तीत अतिरेक्यांच्या पिस्तुलांवर पेशावरच्या एका शस्त्रनिर्मात्याची खूण असल्याचे नमूद होते. स्लाइडवरील अक्षरांना शोभेपलीकडे काही अर्थ नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ती अक्षरे कधी कधी एका राष्ट्राची साक्ष होतात.

मग आपल्याकडे दुखणे कोठे आहे? ते आहे गावठी पिस्तुलात. बिहारमधील मुंगेर आणि मध्य प्रदेशातील बडवानी-खरगोन हा टापू अशा शस्त्रांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि यांतील दुसऱ्या टापूतून महाराष्ट्रात येणाऱ्या पिस्तुलांच्या वार्ता वाचकांच्या परिचयाच्या आहेत. या पिस्तुलांवर एक तर काहीच नसते, किंवा परदेशी बनावटीचा खोटा शिक्का असतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनाखूण शस्त्रांचा व्यवहार अवैध तस्करीच्या व्याख्येत आणला, एका व्यक्तीस परवान्यावर बाळगता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. परवानाधारकांची राष्ट्रीय नोंद आणि प्रत्येकास स्वतंत्र ओळखक्रमांक ही व्यवस्थाही झाली आहे. परंतु हे सर्व नियम ज्याचे नाव दप्तरात आहे त्यालाच जखडतात. ज्याचे नाव कोठेच नाही, तो मोकळा राहतो.

येथे पोलिसांच्या कामाच्या एका पद्धतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. टेबलावर जप्त पिस्तुले मांडली जातात, मागे आरोपीला उभे केले जाते, छायाचित्र प्रसिद्ध होते. पिस्तूल कोणाजवळ सापडले हे जनतेस कळते. ते कोणी घडविले, कोणी आणले, कितव्या हातातून येथवर आले, हे बहुधा कळत नाही. वाहकाची अटक हा तपासाचा प्रारंभ असावयास हवा. तो शेवट ठरतो. वस्तुतः शास्त्राचे साहाय्य उपलब्ध आहे. ठसा मारताना अक्षराखालचे पोलाद दाबले जाते, आणि वरचा थर घासला तरी ती दाबाची खूण कित्येकदा खाली शिल्लक राहते. रासायनिक प्रक्रियेने पुसलेला क्रमांक पुन्हा वाचता येतो. गावठी शस्त्रावर क्रमांक नसला तरी कानशीची, छिद्रकाची, नळी कापणाऱ्या हत्याराची खूण त्यावर असतेच. कारागिराने नाव लिहिले नाही म्हणून त्याचा हात लपत नाही.

आमची सूचना साधी आहे. जप्त झालेल्या प्रत्येक शस्त्राची, मग ते परवान्याचे असो, खोडलेले असो वा गावठी असो, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत अशी तपासणी व्हावी. तिचे निष्कर्ष महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या पोलिसांना एकत्र पाहता येतील अशा एकाच दप्तरात नोंदले जावेत. आणि प्रत्येक दोषारोपपत्रात, शस्त्र कोठे सापडले याबरोबरच ते कोठून आले याचेही उत्तर असावे. उत्तर मिळाले नसेल तर कोणता शोध घेतला, हे तरी असावे. यासाठी नवा कायदा नको. आहे तो कायदा अखेरपर्यंत वाचला म्हणजे पुरे.

अमेरिकन गृहस्थ आपले पिस्तूल कोरे करून ते केवळ आपले झाले असे मानतो. त्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु माणसाचा जीव घेण्याचे सामर्थ्य ज्या वस्तूत आहे ती कधीही केवळ एकाची होत नाही. ज्याच्यावर ती रोखली जाऊ शकते, त्याचाही तिच्यावर काही हक्क असतो. ती कोणी घडविली आणि कोणाच्या हाती दिली, हे विचारण्याचा तो हक्क आहे, आणि पोलादावर कोरलेल्या त्या अक्षरांत समाजाने तो राखून ठेवला आहे.