चेक करा, पण ठरवून नव्हे

गेल्या दोन महिन्यांच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. त्यातला गोव्यातल्या एका स्पर्धेचा प्रसंग घेऊ. बबल चालू, शॉर्ट स्टॅक ऑल-इन, मागून दोघांचा कॉल, साइड पॉट रिकामा. फ्लॉप पडताच एक जण उघड विचारतो, ‘चेक डाउन ना?’ दुसरा उत्तर देत नाही. फ्लॉप आणि टर्न चेक होतात, रिव्हरला तो गप्प बसलेला बेट टाकतो. विचारणारा फोल्ड करतो, ऑल-इनवाला वाचतो आणि सगळं टेबल बेट टाकणाऱ्यावर तुटून पडतं. फ्लोअर येतो आणि ‘टेबलाचे संकेत’ मोडल्याबद्दल त्यालाच ताकीद देतो.

हा निर्णय साफ उलटा आहे. टीडीएची नियमावली आपल्याकडच्या स्पर्धा प्रमाण मानतात. त्यात सॉफ्ट प्लेला पेनल्टी आहे, संगनमताला बाद करण्यापर्यंतची शिक्षा आहे आणि दुसऱ्याच्या खेळावर टेबलावर सल्ला किंवा टीका करायलाही मनाई आहे. म्हणजे दोषी ठरतात ते चेक डाउन सुचवणारा आणि नंतर आरडाओरडा करणारे. बेट टाकणाऱ्याने एकही नियम मोडलेला नाही.

आता त्याचा ब्लफ बरा होता का? बहुधा नाही, आणि तो वेगळा प्रश्न आहे. मेन पॉट ९०,००० धरा, रिव्हरची बेट ४५,०००. तिसरा तुमच्या पुढे आहे, आणि तो निघून गेला तर ऑल-इनवाल्याला हरवण्याची तुमची शक्यता २० टक्के. ऑल-इन कोणी नसता तर तीनपैकी एक फोल्ड पुरला असता. इथे फोल्ड मिळूनही तुमच्या वाट्याला सरासरी १८,०००च येतात, म्हणून बरोबरी साधायला ७१ टक्के फोल्ड हवेत. शिवाय फोल्ड मिळालेल्या दहा वेळांपैकी आठ वेळा तुम्ही शॉर्ट स्टॅकला जीवदान देता, तेही बबलवर. आयसीएम लावला की चित्र आणखी बिघडतं. पण ऑल-इनवाला अडीच बिग ब्लाइंडवर काहीही ढकलत असेल आणि तुमची शक्यता ६० टक्के असेल, तर चिपांच्या हिशेबाने ४५ टक्के फोल्ड पुरतात. मधल्या स्टॅकवाला बबलवर लहान जोडी टाकून देणारा असेल तर तेवढे मिळतात. तेव्हा बेट योग्य, टेबल कितीही चिडो. हा हिशेब ज्याचा त्याने गप्प राहून करायचा. दोघांनी स्वतंत्रपणे चेक करणं बिनचूक असू शकतं, बोलून चेक करणं कधीच नाही.

ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाला. त्या वाटेने तयार झालेला खेळाडू आता लाइव्ह टेबलावर येतो. त्याला रेंज तोंडपाठ असतात. टेबलावर काय बोलायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आयोजकांच्या पत्रकात लेट रजिस्ट्रेशन, री-एंट्री, रेक सगळं सविस्तर असतं, सॉफ्ट प्लेवर मात्र ओळ नाही. डीलरसमोर संगनमत बोललं जातं आणि डीलर पुढचा पत्ता टाकतो. हे शिकवायला किती वेळ लागतो? एक दुपार पुरे. ती दुपार न काढणाऱ्या आयोजकांनी ‘व्यावसायिक दर्जा’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत.

खेळाडूंनो, ‘चेक डाउन’ कानावर पडलं की त्याच क्षणी फ्लोअरला बोलवा, पुढचा पत्ता पडण्याआधी. हँड संपल्यावर केलेली तक्रार हरलेल्याची कुरकुर ठरते. तुम्ही त्या हँडमध्ये नसलात तरी बोलवा; संगनमताचा फटका अख्ख्या फील्डला बसतो. आयोजकांनी आपलं नियमपत्रक महिनाअखेरीपर्यंत आमच्याकडे पाठवावं. सॉफ्ट प्लेचं कलम ज्यांच्याकडे आहे त्यांचं पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ते लिहून मगच पुढच्या स्पर्धेची तारीख जाहीर करावी.