बाळाचं नाव रेशनकार्डावर आहे ना?

"डॉक्टरसाहेब, ऑपरेशनला किती खर्च येईल?" हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या बाळाच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. विड्या वळून किंवा यंत्रमागावर राबून चालणाऱ्या घरात तो साहजिक आहे. मी उलट विचारतो, "बाळाचं नाव रेशनकार्डावर घातलंय का?" इथे बरेच जण गप्प होतात.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत आपलं सोलापूरही होतं. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आज या योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. पण त्यासाठी कागद लागतात, आणि ते आपल्याला आठवतात मूल आजारी पडल्यावर!

माझं स्पष्ट मत आहे, जन्माची नोंद होताच बाळाचं नाव सरकारनेच रेशनकार्डावर चढवावं. आईने ओली बाळंतीण असताना खेटे का घालायचे?

दुसरी उणीव बाह्यरुग्ण उपचारांची. योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दम्याच्या मुलाची रोजची औषधं, तपासण्या, बुडालेली मजुरी हे सगळं आईबापाच्याच खिशातून जातं. मग दवाखाना टाळला जातो आणि मूल अत्यवस्थ झाल्यावरच येतं. अमेरिकेत १९९७ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी वेगळा सरकारी विमा आहे. त्यात डॉक्टरांच्या नेहमीच्या भेटी आणि लसीही येतात. आपल्याकडे निदान मुलांपुरतं तरी असं का होऊ नये?

तोवर तुमच्या हातात आहे ते करा:

• बाळाचं नाव रेशनकार्डावर लगेच घाला.
• नाव नसेल तरी थांबू नका. जन्मदाखला, पालकांचं रेशनकार्ड आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो घेऊन योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.
• अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ही तपासणी १८ वर्षांपर्यंत मोफत आहे आणि दोष आढळल्यास पुढचे उपचारही.
• शंका असेल तर १५५३८८ वर फोन करा.

दूध पिताना बाळाला धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर मात्र कागद शोधत बसू नका. आधी दवाखाना गाठा.