आवाजाचा धंदा

परवा आमच्या भाच्याने जाहीर केले, "मला इंजिनियर व्हायचं नाही, साउंडमध्ये जायचंय." ताईने डोळ्यांना पदर लावला. भावोजींनी इंजिनियरिंगच्या फीसाठी दहा वर्षे पैसे साठवलेले! समजूत घालायचे काम अर्थातच मामाकडे.

"अरे, लग्नात कर्णे लावणार का?" मी विचारले.

"मामा, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून ३४ मीटरवर दुसरा कर्णा ठेवला, तर त्यातला आवाज एक दशांश सेकंद उशिरा सोडावा लागतो. नाहीतर मागच्यांना भाषण दोनदा ऐकू येतं."

आमच्या गणेशोत्सवातली सगळी भाषणे मी दोनदाच ऐकत आलो आहे. मी गप्प बसलो.

मग चौकशी केली. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकवतात. पण आधी पदवी हवी. २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच. ऑस्कर ऐकून ताईचा पदर खाली आला. भावोजींनी मात्र नेमका प्रश्न टाकला, "पगार किती?" खोटे कशाला बोलू? कायमची नोकरी थोड्यांनाच; बाकीच्यांचे पोट एकेका चित्रपटावर. काम आहे तेव्हा रात्रंदिवस, नाही तेव्हा नाही.

शेवटी तह झाला. आधी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी., मग प्रवेशपरीक्षा. फीचे पैसे तोवर बँकेतच.

काल भावोजी मला हळूच म्हणाले, "काय हो, समोरच्या मंडळाचा कर्णा बारीक करायचंही तिथं शिकवतात का?"