फी नाही म्हणून हक्क सोडू नका



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. उगाच भांडण वाढवू नये, एवढ्यापुरती ती बरी. पण नांदेड-लातूर भागात गावोगाव फिरताना दिसते, की ती बहुधा बळजोर माणूसच गरिबाला ऐकवतो. धनी वारला की दीर म्हणतो, "वहिनी, सातबारा माझ्या नावावर राहू द्या, पोटापुरतं मी देत जाईन." वहिनीजवळ वकिलाच्या फीला पैसे नसतात, म्हणून ती गप्प बसते. दोन-चार वर्षांनी तेही धान्य घरी येईनासे होते.

वकिली म्हणजे नुसता धंदा नव्हे, हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. पुढे तेथील लोकांवरच खटला भरला गेला, तेव्हा आरोपींचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. गरिबाला वकील मिळावा, ही जबाबदारी १९७६ साली घटनेच्या कलम ३९-अ ने सरकारवर टाकली. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार, कोठडीतील माणूस आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. पूर, दुष्काळ व भूकंप यांत सापडलेल्यांनाही हा हक्क आहे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आपल्या भागाने हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता वरच्या वहिनीने काय करावे? १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर मयताच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली व आई यांना सारखा वाटा मिळतो. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत सज्जावर द्यावा व पोच घ्यावी. उशीर झाला म्हणून वारसा हक्क बुडत नाही, पण वाट पाहत बसू नये. फेरफाराची नोटीस आली, तर हरकत तोंडी न सांगता लेखी द्यावी.

तरीही अडवणूक झाली, तर मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ व रेशनकार्ड घेऊन तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जावे. नांदेड व लातूर येथे जिल्हा न्यायालयातच जिल्हा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. वकिलाबरोबर कोर्ट फीचा व नकलांचा खर्चही प्राधिकरण सोसते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी. दुसरे, लोकअदालतीत तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये.

आपल्या वाड्यात, गल्लीत अशी एखादी भगिनी असेल, तर हा मजकूर तिला वाचून दाखवावा. तालुक्याला जाताना सोबतही द्यावी.