बेवारस बॉडीचे गोत्र

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कोठारात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली फायबरग्लासची बॉडी स्वस्तात पदरी पडली, की हॉट रॉडच्या, म्हणजे जुन्या मोटारी वेगवान करून घेण्याच्या, नादी लागलेला गृहस्थ प्रथम तिचे कुलगोत्र विचारतो, आणि विकणाऱ्याने ‘फोर्ड, १९३२’ असे ठोकून दिले, की त्या तोंडी दाखल्यावर भिस्त ठेवून चासी कापावयास बसतो. हा उतावळेपणा मला मुळीच मान्य नाही. १९५०च्या दशकात ग्लासपार कंपनीचे बिल ट्रिट आणि एल मॉन्टेचे बिल डेव्हिन यांनी अशा बॉडी विकल्या खऱ्या. पण एकाच्या मालावरून दुसऱ्याने परभारे साचा उचलावा, हा प्रघातही त्या धंद्यात रुजला होता, त्यामुळे नुसत्या रूपसादृश्यावरून निवाडा देणे म्हणजे चेहरा पाहून वारसा हक्क मंजूर करणे होय.

साक्ष काढावी ती टेपाची. दोन्ही आसांमधील अंतर फोर्डच्या मॉडेल टीचे १००, मॉडेल एचे १०३.५, १९३२च्या फोर्डचे १०६, तर १९३३-३४चे ११२ इंच. बॉडी यांपैकी कोणत्या चासीवर निमूट बसते, ते आधी पाहावे. मग ती उलटी करून विजेरी धरावी: आतल्या खडबडीत अंगावर कापडाची वीण उमटली आहे की तुकड्यांच्या तंतूंचा गालिचा, दाराच्या कडेत लाकूड पुरले आहे काय, बिजागरीची भोके कोठे आहेत. पुष्कळजण नेमका हाच भाग प्रथम पॉलिशकागदाने घासून लख्ख करतात, म्हणजे दप्तरच जाळतात!

एवढे करूनही नाव न सापडल्यास कागदावर ‘कर्ता अज्ञात’ असे खुशाल लिहावे.