उड्डाणाचे तास आणि हाताची सवय

छोट्या विमान कंपनीत नव्याने लागलेल्या वैमानिकाचे प्रशिक्षण म्हणजे सिम्युलेटरची परीक्षा एकदाची पार पाडणे, असा आपला समज असतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण दगावले. त्या तपासाची हकिगत वाचल्यापासून माझा तो समज उरलेला नाही.

वेग घटला, हातातला दांडा थरथरू लागला. अशा वेळी नाक खाली करून वेग मिळवायचा, हा पहिला धडा. कॅप्टनने दांडा मागे ओढला! पूर्वी तो काही चाचण्यांत नापास झाला होता. नाक आपोआप खाली ढकलणारी यंत्रणा या विमानाच्या सिम्युलेटरवर त्याला दाखवलेलीच नव्हती.

२०१३ मध्ये तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट आली. गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी, की बफेलोच्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते.

आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो. पुढे एटीआरसारख्या विमानाचे वर्ग, सिम्युलेटर, मग प्रशिक्षक-कॅप्टनशेजारी बसून प्रवासी उड्डाणे. मला २०० या आकड्याची धास्ती नाही, पुढच्या टप्प्यांतल्या घाईची आहे. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला ‘जमत नाही, पुन्हा शिकवा’ म्हणणे जड जाते आणि माणसांची चणचण असलेल्या कंपनीला ते ऐकणे. बफेलोनंतर २०१० च्या कायद्याने वैमानिकाच्या चाचण्यांच्या नोंदी नव्या कंपनीपुढे ठेवण्याची तरतूद केली. १,५०० च्या अटीपेक्षा मला तीच मोलाची वाटते.